कम्युनिटी कॉलेजातील शैक्षणिक इंग्रजी: कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

पुण्यातून बी.कॉम. किंवा नागपुरातून बी.एस्सी. करून आलेली, नंतरची दहा-बारा वर्षे घर आणि मुले सांभाळण्यात गेलेली एखादी व्यक्ती ग्रीन कार्ड हाती पडल्यावर पुन्हा शिकायचे ठरवते, तेव्हा तिला बहुतेकदा असे वाटते की आपले इंग्रजी पुरेसे आहे. दुकानात, डॉक्टरकडे आणि मुलांच्या शाळेतल्या पालकसभेत ते पुरेसे असतेच. अडचण येते ती कॉलेजातल्या पहिल्या निबंधाच्या वेळी, म्हणजे पंधरा पानांचा लेख वाचून त्यातल्या लेखकाचे म्हणणे तपासायचे आणि स्वतःचे मत चार पानांत पुराव्यानिशी मांडायचे असते तेव्हा. या कामासाठी लागणारे इंग्रजी वेगळे असते आणि ते शिकवण्याची चांगली सोय अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांत, म्हणजे दोन वर्षांच्या सार्वजनिक कॉलेजांत, आहे. पुढचे मार्गदर्शन मुख्यतः कॅलिफोर्नियाला धरून आहे, कारण तिथली व्यवस्था मला जवळून ठाऊक आहे. इतर राज्यांतले शुल्क आणि नियम वेगळे असले तरी कामाचा क्रम साधारण हाच राहतो.

आधी शेवटची पायरी पाहावी

इंग्रजीचे वर्ग तीन ठिकाणी मिळतात. पहिले ठिकाण म्हणजे शालेय जिल्ह्यांनी चालवलेल्या ॲडल्ट स्कूल. तिथे भर रोजच्या व्यवहारावर, नोकरीच्या मुलाखतीवर आणि नागरिकत्वाच्या परीक्षेवर असतो. दुसरे म्हणजे कम्युनिटी कॉलेजातले नॉन-क्रेडिट ईएसएल वर्ग, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांसाठीचे, पदवीत न मोजले जाणारे इंग्रजीचे वर्ग. त्यांना प्रवेशशुल्क नसते आणि गुणांचा ताणही कमी असतो. तिसरे म्हणजे त्याच कॉलेजातले क्रेडिट ईएसएल वर्ग, ज्यांत युनिट (अभ्यासाच्या तासांवरून ठरणारी शैक्षणिक एकके) मिळतात, श्रेणी मिळते आणि ती ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या अधिकृत गुणनोंदीवर, कायमची राहते.

वर्ग निवडताना बहुतेक जण घरापासूनचे अंतर आणि वेळ पाहतात. माझ्या मते सर्वांत आधी पाहायचे ते हे, की या वर्गांच्या मालिकेची शेवटची पायरी कुठे पोहोचते. कॉलेजच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक वर्गाखाली त्याची पूर्वअट लिहिलेली असते. ती उलट दिशेने वाचत यावी, म्हणजे आधी पहिल्या वर्षाच्या इंग्रजी लेखनाचा वर्ग शोधावा, मग त्याच्या अलीकडचा ईएसएल वर्ग कोणता आणि त्याच्याही अलीकडचा कोणता, हे कागदावर लिहावे. हा पहिल्या वर्षाचा वर्ग पूर्वी बहुतेक कॉलेजांत ‘इंग्लिश १ए’ या नावाने ओळखला जाई. राज्यभर समान क्रमांक देण्याचा कायदा झाल्यावर, २०२५ च्या फॉल सत्रापासून तो ‘इंग्लिश सी१०००’ या क्रमांकाने दिसू लागला आहे. ज्या मालिकेतून या वर्गापर्यंत रस्ता जात नाही, तिच्यात दोन वर्षे घालवूनही माणूस पदवीच्या दृष्टीने होता तिथेच राहतो, आणि हे मी चांगल्या, कष्टाळू विद्यार्थ्यांच्या बाबतीत घडताना पाहिले आहे.

अर्थात प्रत्येकाला तिथपर्यंत जायची गरज असतेच असे नाही. बालवाडीत शिकवण्याची इच्छा असेल, तर कॅलिफोर्नियाच्या परवानाप्राप्त बालसंगोपन केंद्रातील शिक्षिकेसाठी बालशिक्षणाची १२ सेमिस्टर युनिट ही मुख्य अट असते. तिथे मधल्या पातळीचे ईएसएल वर्ग आणि बालशिक्षणाचे वर्ग बरोबरीने घेता येतात. नर्सिंगकडे वळायचे असेल किंवा चार वर्षांच्या विद्यापीठात बदली घ्यायची असेल, तर मात्र सी१००० ला पर्याय नाही. भारतातल्या पदवीत इंग्रजीचा पेपर होता म्हणून या वर्गातून सूट मिळेल अशी आशा अनेकांना असते, पण सहसा ती मिळत नाही.

राज्याचे रहिवासी ठरणे

कॅलिफोर्नियाच्या ११६ कम्युनिटी कॉलेजांत रहिवाशांसाठी शुल्क दर युनिटला ४६ डॉलर आहे. डी ॲन्झा आणि फूटहिल यांच्यासारखी कॉलेजे वर्षाचे सेमिस्टर न करता क्वार्टर करतात, तिथे क्वार्टर युनिटला ३१ डॉलर पडतात. म्हणजे पाच सेमिस्टर युनिटचा ईएसएल वर्ग २३० डॉलरला होतो, त्यावर आरोग्यसेवा वगैरेंची किरकोळ शुल्के येतात. रहिवासी न ठरणाऱ्यांना याच वर्गासाठी कित्येक पटींनी जास्त भरावे लागतात.

रहिवासी ठरण्यासाठी सत्र सुरू होण्याआधी किमान एक वर्ष आणि एक दिवस राज्यात प्रत्यक्ष राहिलेले असावे लागते आणि इथेच राहण्याचा हेतू कागदांनी दाखवावा लागतो. राज्याचे आयकर विवरण, वाहनपरवाना, घराचा भाडेकरार आणि बँकेची पत्रे यांसाठी चालतात. ग्रीन कार्डधारक यात बसतातच, पण एच-४ वर, म्हणजे एच-१बी नोकरदाराच्या कुटुंबाच्या व्हिसावर, असलेल्या जोडीदारांनाही हे दार उघडे आहे, कारण एच-१बी आणि एच-४ या व्हिसांवर कॅलिफोर्नियात रहिवास सिद्ध करता येतो. भारतीयांच्या ग्रीन कार्डाच्या रांगेची लांबी पाहता ही गोष्ट प्रत्येक मराठी कुटुंबाला माहीत असायला हवी. ‘कार्ड आल्यावर शिकू’ म्हणून थांबलेल्यांची वर्षे उगाच निघून जातात. उलट कामानिमित्त भेटीच्या बी-१, पर्यटनाच्या बी-२, विद्यार्थ्यांच्या एफ-१ किंवा देवाणघेवाणीच्या जे-१ यांसारख्या व्हिसांवर रहिवास मोजला जात नाही.

इथे एक इशारा देणे मला फार महत्त्वाचे वाटते. रहिवासाच्या पुराव्यांच्या यादीत ‘मतदार नोंदणी’ असा एक पर्याय अनेक कॉलेजांच्या फॉर्मवर छापलेला असतो. मतदानाचा हक्क फक्त नागरिकांना आहे. ग्रीन कार्डधारकाने या रकान्याकडे वळू नये, आणि वाहनपरवाना काढतानाही मतदार नोंदणीच्या प्रश्नाला चुकून होकार देऊ नये, कारण आपण नागरिक असल्याचा खोटा दावा केल्याचे परिणाम पुढे नागरिकत्वाच्या अर्जावर आणि देशात राहण्याच्या हक्कावरही होऊ शकतात.

नाव आणि कागद

आपल्याकडच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि बऱ्याचदा आईचे नाव असा क्रम असतो. लग्नानंतर पासपोर्टवर मधले नाव पतीचे होते आणि आडनावही बदलते. शिवाय पासपोर्टमध्ये स्वतःचे आणि मधले नाव एकाच रकान्यात छापलेले असल्यामुळे ग्रीन कार्डवर दोन्ही मिळून ‘पहिले नाव’ होऊन बसते. कॉलेजचा संगणक या तिन्ही कागदांवरच्या व्यक्तींना तीन निरनिराळ्या व्यक्ती समजू शकतो. म्हणून कॉलेजचा अर्ज, सोशल सिक्युरिटी कार्ड आणि आर्थिक मदतीचा अर्ज या तिन्हींवर नाव अक्षरशः सारखे ठेवावे, आणि विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र किंवा नाव बदलल्याचे राजपत्र इंग्रजी भाषांतरासह जवळ बाळगावे.

ईएसएल वर्गात बसण्यासाठी भारतातले ट्रान्सक्रिप्ट लागत नाही. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही कम्युनिटी कॉलेजात प्रवेश मिळतो. ग्रीन कार्डधारकांना टोफेल ही इंग्रजीची परीक्षाही द्यावी लागत नाही, ती अट प्रामुख्याने एफ-१ व्हिसावर येणाऱ्यांसाठी असते. तरी पुढे जुन्या पदवीचे क्रेडिट मागायचे असेल, तर वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेससारख्या संस्थेकडून प्रत्येक विषयाचे वेगळे मूल्यमापन करून घ्यावे लागते. त्यासाठी विद्यापीठाने बंद पाकिटात दिलेले ट्रान्सक्रिप्ट हवे असते आणि ते मिळवायला वेळ लागतो. म्हणून भारतातल्या भावाला किंवा वहिनीला अधिकारपत्र देऊन हे काम पहिल्याच सत्रात सुरू करावे.

अर्ज, पातळी आणि काउन्सेलर

अर्ज ‘सीसीसीअप्लाय’ या राज्याच्या संकेतस्थळावरून मोफत करता येतो. काही दिवसांत विद्यार्थी क्रमांक आणि कॉलेजचा ईमेल मिळतो. या ईमेलकडे दुर्लक्ष करू नये, कारण सगळ्या सूचना तिथेच येतात.

त्यानंतर पातळी ठरवायची असते. २०१७ साली संमत झालेल्या ‘एबी ७०५’ या कायद्याने पूर्वीची परीक्षापद्धत बदलली. ईएसएलच्या विद्यार्थ्याला तीन वर्षांच्या आत पहिल्या वर्षाच्या इंग्रजीपर्यंत पोहोचण्याची जास्तीत जास्त संधी मिळावी, अशी जबाबदारी या कायद्याने कॉलेजांवर टाकली. म्हणून आता बऱ्याच कॉलेजांत मार्गदर्शित स्वयंनिवड असते. संकेतस्थळावर निरनिराळ्या पातळ्यांचे उतारे आणि निबंधांचे नमुने दाखवतात, आणि ‘हे तुम्हाला कितपत जमेल’ असे विचारतात. इथे मराठी माणूस दोन टोकांच्या चुका करतो. इंग्रजी माध्यमातून शिकलेला वरची पातळी घेतो आणि पहिल्या निबंधाला गडबडतो, तर मराठी माध्यमातून आलेला संकोचाने तीन पायऱ्या खाली बसतो आणि सहा महिने आधीच येणारे व्याकरण गिरवतो. यावर सोपा उपाय आहे. घड्याळ लावून पाऊण तासात, शब्दकोश किंवा कोणतेही साधन न वापरता, नुकत्याच वाचलेल्या एका लेखावर दीड पान लिहावे आणि ते पान घेऊन ईएसएल विभागाच्या प्राध्यापकांना किंवा काउन्सेलरला (कॉलेजच्या शैक्षणिक सल्लागाराला) भेटावे. वर्ग सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात प्राध्यापकही असाच लेखननमुना घेतात आणि पातळी चुकली असेल तर तेव्हाही बदलून देतात, पण तोवर योग्य वर्गातल्या जागा भरलेल्या असतात.

काउन्सेलरची भेट टाळू नये. अर्ध्या तासात तो सत्रवार शैक्षणिक आराखडा करून देतो, आणि तो आराखडा नोंदवलेला असला की नोंदणीची तारीखही सहसा लवकरची मिळते. भेटीला जाताना दोन प्रश्न लिहून न्यावेत. या मालिकेतले कोणते वर्ग विद्यापीठात धरले जातात, हा पहिला प्रश्न. कॅलिफोर्निया विद्यापीठ वरच्या पातळीच्या ठरावीक ईएसएल वर्गांची मिळून जास्तीत जास्त ८ सेमिस्टर युनिट स्वीकारते, खालच्या पातळीची नाही. दुसरा प्रश्न असा, की हाच वर्ग नॉन-क्रेडिट म्हणून घेता येतो का. अनेक कॉलेजांत एकाच खोलीत, एकाच प्राध्यापकासमोर क्रेडिटचे आणि नॉन-क्रेडिटचे विद्यार्थी एकत्र बसतात. ज्यांना अजून रहिवासाचे वर्ष पूर्ण करायचे आहे, त्यांच्यासाठी ही व्यवस्था वरदान आहे, कारण नॉन-क्रेडिटला शुल्कच नसल्यामुळे शिक्षण तेच मिळते आणि श्रेणी बिघडण्याची धास्तीही राहत नाही.

न्यू जर्सीतल्या वाचकांनी एडिसनच्या मिडलसेक्स कॉलेजसारख्या आपल्या काउंटीच्या कॉलेजात हीच चौकशी करावी. न्यू यॉर्क शहरात राहणाऱ्यांनी तिथल्या सिटी युनिव्हर्सिटीचा ‘क्लिप’ हा कार्यक्रम जरूर पाहावा. पदवीचे वर्ग सुरू करण्याआधी काही काळ फक्त शैक्षणिक इंग्रजीच करायचे, अशी त्याची घडण आहे.

पैशाची मदत

ग्रीन कार्डधारकाला ‘फाफ्सा’ हा आर्थिक मदतीचा अर्ज भरून केंद्र सरकारची मदत मागता येते, एच-४ वर मागता येत नाही. विवाहित विद्यार्थी आपोआप स्वतंत्र धरला जातो, त्यामुळे भारतातल्या आईवडिलांच्या उत्पन्नाचा प्रश्न येत नाही.

पदवीधरांनी इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. पेल ग्रँट ही परत न करावी लागणारी मदत पहिली पदवी न मिळवलेल्यांसाठी आहे, आणि परदेशातली पदवीही यात मोजली जाते. अमेरिकेतल्या नोकरीत आपल्या बी.ए.ला कोणी विचारत नसले, तरी फॉर्मवर ती पदवी आहे म्हणूनच सांगावी लागते. तीन वर्षांच्या पदवीबद्दल शंका असेल, तर कॉलेजच्या मदत कार्यालयाला लेखी विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे. पदवी लपवण्याचा सल्ला ओळखीचे लोक सहज देतात, पण तो कधीही मानू नये. पदवीधरांनी कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस ग्रँटकडे वळावे. कमी उत्पन्नाच्या रहिवाशांचे दर युनिटचे शुल्क या योजनेत पूर्ण माफ होते. मात्र सलग दोन सत्रे श्रेणींची सरासरी (४.० पैकी) २.० च्या खाली राहिली किंवा घेतलेल्यांपैकी निम्म्याहून कमी युनिट पूर्ण झाली, तर ही माफी जाऊ शकते.

ज्यांना पेल ग्रँट लागू होते, त्यांच्यासाठी एक चांगली तरतूद आहे. केंद्राच्या नियमांत पूर्वतयारीच्या वर्गांना एक शैक्षणिक वर्षाची मर्यादा आहे, पण ईएसएलचे वर्ग त्या मर्यादेत मोजले जात नाहीत. तरीही एकूण पेल ग्रँट आयुष्यात बारा सत्रांइतकीच मिळते, म्हणून खालच्या पातळ्या नॉन-क्रेडिटमध्ये पूर्ण करून मदत वरच्या वर्गांसाठी राखून ठेवणे मला शहाणपणाचे वाटते.

प्रत्यक्ष अभ्यास

एका सेमिस्टर युनिटमागे आठवड्याला साधारण तीन तासांचे काम धरतात, एक तास वर्गात आणि दोन घरी. पाच युनिटचा वर्ग म्हणजे आठवड्याला पंधरा तास. हे तास घरच्यांबरोबर बसून आधीच ठरवले नाहीत, तर ते रात्री अकरानंतर शोधावे लागतात, आणि अशा वेळी वाचलेले लक्षात राहत नाही.

आपल्याला सर्वांत जड जाते ती निबंधाची रचना. शाळेत आपण शिकलो ती पद्धत अशी, की आधी विषयाची व्यापक ओळख करून द्यायची, सुभाषित किंवा थोरांचे वचन घालायचे, दोन्ही बाजू मांडायच्या आणि मत शेवटी हळूच सांगायचे. अमेरिकन कॉलेजातल्या निबंधात मत पहिल्या परिच्छेदातच, एका वाक्यात, वाद घालता येईल इतके स्पष्ट लिहावे लागते. त्याला थीसिस म्हणतात. पुढचा प्रत्येक परिच्छेद त्या वाक्याचा एकेक भाग घेतो, त्यासाठी वाचलेल्या लेखातला पुरावा देतो आणि तो पुरावा आपले म्हणणे कसे सिद्ध करतो हे समजावतो. शेवटचे समजावणे आपण गाळतो, कारण उघड असलेली गोष्ट पुन्हा सांगणे आपल्याला उद्धट वाटते. इथे मात्र गुण त्यालाच मिळतात. लिहून झालेल्या प्रत्येक परिच्छेदाच्या कडेला ‘मग काय?’ असे लिहावे आणि त्याचे उत्तर त्याच परिच्छेदात सापडते का ते पाहावे.

दुसरी मोठी गोष्ट उसन्या शब्दांची. पाठ्यपुस्तकातले उत्तर जसेच्या तसे लिहिले की आपल्याला पूर्ण गुण मिळत, आणि ते कष्टाचे लक्षण मानले जाई. इथे दुसऱ्याचे वाक्य अवतरणचिन्हे आणि स्रोत न देता लिहिणे म्हणजे चोरी, आणि त्यासाठी शून्य गुणांपासून शिस्तभंगाच्या कारवाईपर्यंत काहीही होऊ शकते. दोन-तीन शब्द बदलले तरी ती चोरीच राहते. यावर मातृभाषा फार कामाला येते. इंग्रजी परिच्छेद वाचून पुस्तक मिटावे, त्याचा आशय घरातल्या कोणाला तरी मराठीत सांगावा आणि मग त्या मराठीवरून स्वतःच्या इंग्रजीत लिहावे. मधे मराठी आल्यामुळे मूळ वाक्याची ठेवण गळून पडते आणि आशय उरतो. त्यानंतर मूळ लेख उघडून अर्थ बरोबर आला आहे ना ते तपासावे आणि एमएलए किंवा एपीए या स्रोत लिहिण्याच्या पद्धतींपैकी जी प्राध्यापकांनी सांगितली असेल तिने स्रोत द्यावा. भाषांतराची आणि लेखनाची कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने किती वापरायची, हे प्रत्येक वर्गाच्या सिलॅबसमध्ये (अभ्यासक्रम आणि नियमांच्या पत्रकात) लिहिलेले असते. ते पहिल्याच दिवशी वाचावे.

व्याकरणात मराठीचे ठसे ठरावीक जागी उमटतात. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ यांच्यासारखी उपपदे नाहीत, म्हणून ती गळतात किंवा भलतीकडे लागतात. चांगल्या लेखातला एक परिच्छेद उपपदे गाळून उतरवावा आणि दुसऱ्या दिवशी ती आठवून भरावीत. रोज दहा मिनिटांचा हा सराव महिन्याभरात फरक दाखवतो. ‘मी दोन वर्षांपासून इथे राहते’ हे वाक्य मनात ठेवून आपण ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स’ लिहितो, तिथे ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टू इयर्स’ हवे. सर्वांत चिवट दोष मात्र आपल्या ‘ऊन’ प्रत्ययाचा आहे. ‘उठून, आवरून, डबा भरून, मुलाला शाळेत सोडून मी कामावर गेले’ हे मराठीत एक सुबक वाक्य आहे. तीच साखळी इंग्रजीत स्वल्पविरामांनी जोडली की प्राध्यापक लाल शाईने ‘रन-ऑन’ किंवा ‘कॉमा स्प्लाइस’, म्हणजे पूर्णविराम न देता वाक्ये जोडल्याची चूक, असे लिहितात. प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारून त्याचा कर्ता कोण आणि वाक्य कुठे संपते ते ठरवणे, हा यावरचा खात्रीचा उपाय आहे.

शब्दसंग्रहासाठी कादंबऱ्यांतले अवघड शब्द पाठ करू नयेत. ॲव्हरिल कॉक्सहेड या संशोधिकेने २००० साली विद्यापीठीय लेखनात वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुळांची यादी प्रसिद्ध केली. शैक्षणिक मजकुरातला साधारण दहावा हिस्सा या यादीतल्या शब्दांनी व्यापलेला असतो. आठवड्याला पंधरा शब्दकुळे घेतली, तर नऊ महिन्यांत यादी संपते. प्रत्येक शब्द आपल्या वाचनातल्या वाक्यासह वहीत उतरवावा, कारण कोणते उपसर्ग, प्रत्यय आणि शब्दयोगी त्याच्याबरोबर येतात ते वाक्यातच कळते.

प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना, म्हणजे भेटीच्या ठरलेल्या तासांना, जाणे आपल्याला तक्रार केल्यासारखे वाटते. ते तास विद्यार्थ्यांसाठीच राखलेले असतात. तपासलेला निबंध घेऊन जावे आणि ‘या परिच्छेदात पुरावा कुठे कमी पडला’ असा नेमका प्रश्न विचारावा. रायटिंग सेंटरमधले मदतनीसही मोफत भेटतात, पण ते निबंध दुरुस्त करून देत नाहीत, चूक शोधायला शिकवतात.

सी१००० मध्ये प्रवेश करताना

मालिकेतला शेवटचा ईएसएल वर्ग ‘सी’ किंवा त्याहून चांगल्या श्रेणीने पूर्ण झाला की लगेच पुढच्या सत्रात सी१००० घ्यावे, मधे सत्र सोडू नये, कारण लिहिण्याची सवय फार लवकर मोडते. अनेक कॉलेजांत या वर्गाला जोडून एक-दोन युनिटचा सपोर्ट क्लास असतो, त्यात तोच प्राध्यापक जास्त वेळ देतो. काही ठिकाणी ईएसएलच्या विद्यार्थ्यांसाठी राखीव तुकडीही असते. दोन्ही घ्यायला संकोच करू नये, ट्रान्सक्रिप्टवर सी१००० ची नोंद सर्वांची सारखीच होते.

सत्राच्या मध्यावर घरी अडचण आली, तर वर्गाला जाणे नुसते बंद करू नये. ठरलेल्या तारखेआधी कॉलेजच्या पोर्टलवरून नाव काढले की ‘डब्ल्यू’ (वर्ग सोडल्याची नोंद) लागतो, त्याने सरासरी बिघडत नाही, पण पूर्ण केलेल्या युनिटच्या प्रमाणात तो मोजला जातो. न सांगता गैरहजर राहणाऱ्याला ‘एफ’, म्हणजे नापासाची श्रेणी, मिळू शकतो आणि तो अनेक वर्षे मागे लागतो.

नोंदणीची तारीख आणि वेळ प्रत्येक विद्यार्थ्याला पोर्टलवर वेगवेगळी दिसते. संध्याकाळच्या आणि ऑनलाइन तुकड्या सर्वांत आधी भरतात, म्हणून आपल्याला चालतील अशा तीन तुकड्यांचे क्रमांक आदल्या रात्री लिहून ठेवावेत. तिन्ही भरल्या असतील तर वेटलिस्टवर (प्रतीक्षायादीत) नाव घालून पहिल्या दिवशी वर्गात हजर राहावे आणि प्राध्यापकांकडे ॲड कोड, म्हणजे वर्गात नाव घालण्याच्या परवानगीचा क्रमांक, मागावा. पहिल्या आठवड्यात काही विद्यार्थी गळतात, आणि ती जागा बहुधा समोर बसलेल्यालाच मिळते.